राउटर घ्यायचाय? हातात धरायचा की टेबलाखाली लटकवायचा, हे आधी ठरवा



१ जूनला बंदी लागली. ट्रॉलर जेटीला बांधले गेले, लहान होड्या माडांखाली चढल्या आणि दरवर्षीसारखी ठोकाठोक सुरू झाली. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस. त्यातले कितीतरी पावसातच जातात, उरलेल्यांत झाकणं, पट्ट्या, केबिनच्या खिडक्या, सगळं उरकायचं. आणि होडीचं काम जाणणारे मेस्त आता मोजकेच राहिलेत. त्यांची पाळी येईस्तोवर ऑगस्ट उजाडतो. म्हणून घरचीच पोरं हातात हत्यार घेऊ लागलीत, ही चांगलीच गोष्ट आहे.

गेल्या आठवड्यात तीन सभासद वेगवेगळे आले आणि तिघांनी एकच विचारलं: राउटर घ्यायचाय, हातानेही चालला पाहिजे आणि टेबलालाही लागला पाहिजे, कुठला घेऊ? चौथ्याने तर दुकानातूनच फोन केला. "लवकर सांगा, दुकानदार बिल करायला बसलाय!" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. त्याला म्हटलं, आज रिकाम्या हाताने घरी ये. तो जरा रागावला. त्याच्यासाठी आणि बाकीच्यांसाठी हे लिहितोय.

ज्यांनी राउटर पाहिला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. एक उभी मोटर, तिच्या टोकाला चिमट्यासारखी पकड, तिला कोलेट म्हणतात, आणि त्या कोलेटमध्ये बसवलेलं पातं म्हणजे बिट. मिनिटाला दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत फेरे. रंधा लाकूड सपाट करतो. राउटर त्याच्या कडेला गोलाई देतो, खाच पाडतो, खोबण काढतो, साच्यावर ठेवून हुबेहूब दुसरा तुकडा कापतो.

आपल्याला त्याचं खरं काम कुठे, तर होडीच्या काठाला. काठाच्या लाकडी पट्टीची कड धारदार राहिली की जाळं ओढताना दरवेळी तिथेच घासतं. दोरी तिथेच विरते. हाताचं कातडं जातं ते वेगळंच. पूर्वी मेस्त रंधा आणि कानस घेऊन अख्खा दिवस ती कड मारत बसायचे. अर्ध्या इंचाचं गोलाईचं बिट लावलं की तेच काम तासा-दीड तासात होतं आणि इकडून तिकडे एकसारखं होतं. दुसरं काम बर्फाच्या कप्प्याच्या झाकणांचं. झाकण चौकटीत बसायला कडेने पायरीसारखी खाच लागते. ती नीट नसेल तर वरचं पाणी आत जातं, बर्फ वितळतो आणि मासळीचा भाव उतरतो. तिसरं, केबिनच्या खिडकीच्या चौकटीत काच किंवा अ‍ॅक्रिलिक बसवायची खोबण.

आता या तीन कामांकडे जरा नीट बघा. काठाची पट्टी होडीला ठोकलेली असते. होडी उचलून टेबलावर नेता येत नाही, म्हणून मशीनच लाकडापाशी न्यावं लागतं. खिडकीच्या चौकटीची पट्टी मात्र दीड-दोन इंच रुंद. तिच्यावर राउटर ठेवला तर तो डुगडुगतो, पट्टी धरायला जागा उरत नाही आणि खोबण वाकडी जाते. तिथे मशीन टेबलाखाली उलटं टांगायचं, बिट वर काढायचं आणि लाकूड मशीनपाशी न्यायचं. झाकण मधे येतं, मोठं असेल तर हातानं, लहान असेल तर टेबलावर.

म्हणजे दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारायचं, यंदा आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आपलं काम कुठल्या बाजूचं जास्त आहे? आमच्या शेडमधला अनुभव असा की एका होडीच्या घराचं बहुतेक काम हातातलं असतं. टेबल लागतं ते चार-पाच दिवस, आणि तेही सगळ्यांना एकदमच.

हातासाठी

दुकानात दोन जातीचे दिसतील. एक लहान, एका हाताने धरता येणारा, ज्याला सगळे ट्रिमर म्हणतात. साधारण पाचशे ते सातशे वॅट, कोलेट पाव इंची किंवा ६ मिलिमीटर. दुसरा मोठा, दोन बाजूंना दोन मुठी, दाबला की बिट खाली उतरतं, त्याला प्लंज राउटर म्हणतात. हजार-बाराशे वॅटपासून दोन हजारांच्या वरपर्यंत, कोलेट अर्धा इंची किंवा १२ मिलिमीटर, वजन साडेतीन किलोपासून सहा किलोपर्यंत.

मोठा तो चांगला असं आपल्याला वाटतं. इंजिनाच्या बाबतीत आपली तीच सवय. पण सहा किलोचं मशीन घेऊन होडीच्या काठावर वाकून, एक पाय फळीवर नि एक पाय वाळूत ठेवून दहा मिनिटं काम करून बघा. अर्धा तळ लाकडावर, अर्धा हवेत. मशीन बाहेरच्या बाजूला कलतं आणि गोलाईच्या जागी खड्डा पडतो. काठाच्या कामाला ट्रिमरच बरा. सातशे वॅटच्या आसपासचा घ्या आणि वेग कमीजास्त करायचं चक्र असलेलाच घ्या. वेग न बदलणारे स्वस्त मिळतात, पण सागाला जास्त फेऱ्यांवर बिट जळतं, कड काळी पडते. अर्ध्या इंचाची गोलाई ट्रिमरने एका दमात मारू नये. आधी थोडं, मग थोडं, असं तीन वेळा फिरवा. मोटर रडायला लागली की समजा तुम्ही घाई करताय.

काही कंपन्या एकच मोटर आणि दोन-तीन बैठका असा संच देतात. एक साधी बैठक, एक प्लंज. मोटर काढून हवी त्या बैठकीत बसवायची. आमच्या मते एका होडीच्या घराला हाच सौदा सगळ्यात शहाणा. झाकणाच्या मधे खाच पाडायची असेल तर प्लंज बैठक लागते, कारण फिरतं बिट वरून सरळ खाली उतरवता येतं. साध्या बैठकीने तसं करायला गेलात तर मशीन तिरकं करून घुसवावं लागतं, आणि तिथेच ते हातातून उडी मारतं.

टेबलासाठी

टेबलाचा हिशेब वेगळा. तिथे वजनाचा त्रास नाही, उलट वजन चांगलं. ताकद हवी, पंधराशे-सोळाशे वॅटच्या वरची. कोलेट अर्ध्या इंचाचं हवं, कारण मोठी बिटं पाव इंची दांड्यावर थरथरतात. आणि वेग कमी करता आलाच पाहिजे. हे का, ते आकड्यात सांगतो. १२ मिलिमीटरचं बिट मिनिटाला २२ हजार फेरे घेतं तेव्हा त्याची धार ताशी साधारण ५० किलोमीटरने पळते. त्याच फेऱ्यांवर ८० मिलिमीटरचं मोठं बिट लावलं तर धार ताशी ३३० किलोमीटरने पळते. एवढं मोठं बिट दहा-बारा हजारांच्या वर फिरवूच नये. एकच वेग असलेलं मशीन टेबलाला लावलंत तर मोठी बिटं विसरायची.

दुकानदार सांगत नाही अशा दोन गोष्टी इथे बघाव्या लागतात.

पहिली, मशीन उलटं केल्यावर खोली कशी बदलायची? प्लंज राउटरमध्ये स्प्रिंग असतात, त्या मोटरला तळापासून दूर ढकलतात. हातात धरला की तेच हवं असतं. टेबलाखाली उलटा टांगला की मोटरचं वजनही खाली ओढतं आणि स्प्रिंगही खालीच ढकलतात. बिट अर्धा मिलिमीटर वर घ्यायचं तर टेबलाखाली वाकून एका हाताने चार-पाच किलो वर रेटायचं आणि दुसऱ्याने खिटी आवळायची. म्हणून विचारा: स्प्रिंग काढता येते का? बारीक खोली बदलायचा स्क्रू आहे का? तो टेबलाच्या वरून चावीने फिरवता येतो का? तिन्हीचं उत्तर नाही आलं तर ते मशीन टेबलासाठी घेऊ नका.

दुसरी गोष्ट बटणाची. काही राउटरचं बटण दाबून धरावं लागतं, सोडलं की बंद. हातात ते सुरक्षित. टेबलाखाली ते कोण दाबून धरणार? मग लोक त्याला दोरी बांधतात. आम्ही बांधलेली पाहिलीये, नायलॉनची, जाळ्याचीच. वीज गेली, काम थांबलं, पोरगा बिट बदलायला वाकला आणि वीज परत आली. त्याचा हात वाचला, कारण पाना अजून खिशात होता. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कितीदा जाते ते तुम्हाला सांगायला नको. टेबलाला असा स्विच बसवा जो वीज गेल्यावर खाली पडतो आणि वीज आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात नो-व्होल्ट रिलीज स्विच म्हणून मागा. आणि बिट बदलताना प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही.

टेबल विकत घ्यायची गरज नाही. १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे दोन थर चिकटवा, मधे अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी बसवा, खाली लाकडी घोडा. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला. ३०३ चा साधा प्लाय एका पावसात पोट काढतो, आणि पोट काढलेल्या टेबलावर खोबण कधी सरळ येत नाही.

एकच घ्यायचा असेल तर?

खिशात एकाचेच पैसे असतील तर बाराशे ते सोळाशे वॅटचा प्लंज घ्या. वेग बदलणारा, हळू सुरू होणारा, चार किलोच्या आतला, आणि अर्धा इंच व पाव इंच दोन्ही कोलेट सोबत देणारा. हळू सुरू होणारा यासाठी की एकदम झटका देणारं मशीन हातातून वळतं, शिवाय जनरेटरवर चालवलं तर जनरेटरही दचकतो.

पण खरं सांगू? एक मशीन दोन्हीकडे वापरायचं म्हणजे दरवेळी टेबलाखालून चार स्क्रू काढायचे, तळाची प्लेट परत लावायची, काम झालं की पुन्हा उलट. आम्ही एक हंगाम तसं केलं. जुलैच्या मध्यापर्यंत कुणालाच स्क्रू काढायचा उत्साह उरला नव्हता. मशीन टेबलालाच राहिलं आणि काठाची कामं परत कानशीवर आली. आमचा सल्ला असा: ट्रिमर घरोघरी, मोठं मशीन आणि टेबल पाच-सहा होड्यांनी मिळून. जसं जाळं ओढायला एकट्याचं काम नाही तसंच हे.

सहा मिलिमीटर म्हणजे दोन सूत नव्हे

हे वेगळं लिहितोय कारण इथे आमचंच नुकसान झालंय. आपले सुतार सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. बाजारात ६ मिलिमीटर दांड्याची बिटंही मिळतात आणि पाव इंचाचीही. दोन्ही एकाच डब्यात पडलेली असतात, डोळ्याला फरक कळत नाही. तसंच १२ मिलिमीटर आणि अर्धा इंच म्हणजे १२.७.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ६ मिलिमीटरचं बिट पाव इंची कोलेटमध्ये आवळलं. आवळलं गेलं, घट्टही वाटलं. झाकणाच्या फळीत ६ मिलिमीटर खोल खाच पाडत निघालो. सुरुवात बरोबर होती. बिट हळूहळू कोलेटमधून बाहेर सरकत गेलं आणि चौथ्या बाजूला पोचेस्तोवर फळीच्या आरपार. नवी कोरी मरीन प्लायची फळी गेली. बिट पूर्ण निसटलं असतं तर कुणाच्या तरी पोटरीत गेलं असतं, म्हणून फळीवरच निभावलं असं म्हणतो. आता शेडमध्ये एक व्हर्नियर टांगलाय. दांडा मोजल्याशिवाय बिट लागत नाही. आणि दांडा पूर्ण तळापर्यंत खुपसायचा नाही. टेकला की दोन-तीन मिलिमीटर वर ओढायचा, मग आवळायचा, नाहीतर आवळताना पकड नीट बसत नाही.

कुठल्या दिशेने ढकलायचं

हातात राउटर असेल तेव्हा बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. झाकणाचं भोक असेल, म्हणजे आतली कड, तर घड्याळाच्या दिशेने. टेबलावर मशीन उलटं असतं, म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलायचं. कारण एकच: बिटची धार लाकडाला तुमच्याविरुद्ध रेटत असावी. दिशा चुकली की बिट लाकडाला धरून स्वतःच पळायला लागतं. हातातला राउटर धावतो, टेबलावरचं लाकूड उडतं आणि त्याच्यामागे तुमचा हात बिटवर येतो.

आमच्या ओळखीतल्या एका तरुण खलाशाचं असंच झालं, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. खिडकीची पट्टी होती, हातभर लांब. डावीकडून ढकलली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला सात टाके. १ ऑगस्टला बाकीचे दर्यावर गेले आणि तो जेटीवर बसून दोर सोडताना बघत होता. ओल्या दोरीची गाठ मारता येईस्तोवर सव्वा महिना गेला. त्याची आई आम्हाला म्हणाली, "एवढीशी पट्टी, बाजारात तयार मिळाली असती रे." काय उत्तर देणार?

लहान तुकडा टेबलावर नुसत्या हाताने ढकलू नका. लाकडाचाच एक ढकलणा करा, एका टोकाला खाच पाडलेला. बिट आणि मागची आडपट्टी यांच्या मधून लाकूड कधीही घालू नका.

खारी हवा आणि पाणी

होडी पाण्यात असताना तिच्यावर तारेचा राउटर चालवू नका. पाय ओले, फळी ओली, वायर बिल्जच्या पाण्यातून गेलेली. मशीन डबल इन्सुलेशनचं असलं तरी आत पाणी शिरल्यावर त्याचा उपयोग नाही. अशा जागी बॅटरीवरचा ट्रिमर घ्या. घरात आधीच बॅटरीचं ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा मिळतो का ते बघा, पैसे वाचतात. जमिनीवर तारेचा चालवायचा तर बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. एक्स्टेंशनची वायर जाड घ्या, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेली वायर तापते.

जुन्या होडीच्या लाकडात खिळे लपलेले असतात. लोखंडाचा लोहचुंबकाला सापडतो, तांब्याचा सापडत नाही. रंग खरवडून, बोट फिरवून, डोळ्यांनीच बघावं लागतं. एक खिळा लागला की कार्बाइडची धार तुटलीच.

फायबरच्या होडीची कड राउटरने मारू का, असंही विचारतात. मारता येते, पण आम्ही नको म्हणतो. काचेची भुकटी बिटची धार खाते आणि मोटरच्या बेअरिंगमध्ये जाते. त्याला डायमंड चकती लावलेला ग्राइंडर बरा, तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्या, आणि पोरांना लांब ठेवून.

काम झालं की बिट कोलेटमध्ये ठेवू नका. आपल्या हवेत पंधरा दिवसांत दोघं गंजून एक होतात. प्लंजच्या दांड्या कोरड्या फडक्याने पुसा, वर मेणाचा पातळ हात फिरवा. खोबरेल लावू नका. एका सभासदाने लावलं होतं, भुसा चिकटून दांड्या अशा अडकल्या की राउटर खाली जाईना आणि वर येईना. मशीन झाकण लागणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. कोलेट ही झिजणारी वस्तू आहे, जाळ्याच्या सुईसारखी. बिट धरेना झालं की नवं घ्या. म्हणूनच खरेदी करताना विचारा, या मशीनचं कोलेट आणि कार्बन ब्रश मडगाव-म्हापशात मिळतात का? मिळत नसतील तर मशीन कितीही स्वस्त असो, जुलैच्या वीस तारखेला ते बंद पडेल आणि पार्सल येईस्तोवर बंदी संपेल.

किमती मुद्दाम लिहिल्या नाहीत, दर महिन्याला बदलतात. पण मशीनच्या पैशातून थोडे बाजूला काढून तीन चांगली बिटं घ्या: अर्ध्या इंचाचं गोलाईचं, पायरीच्या खाचेचं बेअरिंगवालं आणि १२ मिलिमीटरचं सरळ. तीस बिटांचा डबा स्वस्त मिळतो, त्यातली पंचवीस कधी डब्याबाहेर येत नाहीत.

शेडमधलं टेबल या रविवारपासून पुन्हा लावतोय, पाऊस नसेल तर सकाळी आठला. खिडकीच्या पट्ट्या असतील त्यांनी लाकूड आधी कोरडं करून आणावं, आणि आपापलं बिट आणणार असाल तर दांड्याचं माप कागदावर लिहून आणा. फोन करणारा आमचा दादाही येणार आहे. त्याने अजून मशीन घेतलेलं नाही. आधी दोन्ही हातात धरून बघतो म्हणाला.